रानाच्या कडेचं घर, प्रार्थनेची खोली आणि वणवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: जंगलाच्या कडेला, उतारावर तुमची जागा आहे. तिथं दगड, माती आणि जाड लाकडाचं साधं, रानात शोभेल असं घर बांधायचं आहे. छप्पर गवतानं शाकारलेलं हवं आहे. मधोमध प्रार्थनेची खोली, तिथं अहोरात्र तेवणारी ज्योत, आणि आठवड्यातून एकदा पंधरा-वीस माणसं सामूहिक प्रार्थनेला येणार. दोन वर्षांपूर्वी समोरच्या डोंगरावर वणवा लागला तेव्हापासून तुमच्या पत्नीनं धास्ती घेतली आहे. त्या म्हणतात लाकूड नकोच, सगळं काँक्रीटचं करा. आणि थोरले भाऊ म्हणतात, देव तारी त्याला कोण मारी. देवाच्या नावानं घर बांधायचं आणि वणव्याला भ्यायचं, हे कसं?

मी गेली बावीस वर्षं वस्तीपासून लांबची, रानालगतची घरं बांधते आहे. त्यातली काही वणव्याच्या तोंडी सापडलेली पाहिली, काही वाचलेली पाहिली. त्या अनुभवावरून सांगते, लाकूड की काँक्रीट हा वाद तुम्ही थोडा वेळ बाजूला ठेवा. वाऱ्यावर उडत आलेली नखाएवढी ठिणगी तुमच्या घरावर किंवा घराशेजारी पडली, तर तिला पेट घ्यायला काही मिळेल का, इथून सुरुवात करा. तुमच्या पत्नीच्या धास्तीला उत्तर इथं आहे, आणि माझ्या मते थोरल्या भावांच्या प्रश्नालाही.

आधी एक कबुली. जागा न पाहता मी सगळं सांगू शकत नाही. उतार किती अंशांचा, खालच्या अंगाला गवत आहे की झुडपं की उंच झाडी, कोरड्या दिवसांत वारा कुठून येतो, तुम्ही तिथं बारमाही राहणार की सुट्टीपुरते, मोठ्या रस्त्यापासून घर किती आत, तिथले बांधकामाचे नियम काय, यावर बरंच अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियात तर घराचा आराखडा काढण्याआधी आजूबाजूची झाडी, तिचं अंतर आणि उतार यांचा हिशेब मांडून जागेला सहापैकी एक धोका-पातळी ठरवून देतात, आणि खिडकीच्या काचेपासून जाळीपर्यंत पुढचं सगळं त्या पातळीनुसार ठरतं. असा नियम तुमच्याकडे असेल तर तो पाळाच. नसेल तरी हा हिशेब स्वतः मांडा.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते ज्वाळांची भिंत पुढे सरकत येते आणि घर गिळते असं. असं होतं, पण कमी वेळा. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या वायव्य प्रदेशात खरं जंगल पेटवून पाहिलं. झाडांच्या शेंड्यांपर्यंत भडकलेल्या आगीसमोर त्यांनी लाकडी भिंती 10, 20 आणि 30 मीटरवर उभ्या केल्या होत्या. 10 मीटरवरच्या काही वेळा पेटल्या, 20 मीटरवरच्या फार तर करपल्या, 30 मीटरवर काही झालं नाही. त्या भिंती लाकडाच्या होत्या, हे लक्षात घ्या. मग वणव्यात घरं का जळतात? ठिणग्यांमुळे. ज्वाळा घरापाशी फार तर काही मिनिटं असते, पण निखाऱ्यांचा पाऊस त्याआधी सुरू होतो आणि नंतर कित्येक तास चालू राहतो. 2018 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळालं, 85 माणसं गेली, अठरा हजारांवर इमारती गेल्या. तिथले फोटो पाहिलेत तर एक गोष्ट खटकेल: घराच्या जागी राखेचा चौकोन आणि शेजारी झाड हिरवं. आग झाडावरून घरावर आली असती तर झाड आधी जळतं.

दुसरं उदाहरण तुमच्या थोरल्या भावांना जरूर सांगा. 8 ऑगस्ट 2023 ला हवाई बेटांवरचं लाहायना जळालं. सगळीकडे राख आणि त्यात एकच लाल छपराचं घर उभं, तो फोटो जगभर फिरला. लोक त्याला चमत्काराचं घर म्हणू लागले. घर सुमारे शंभर वर्षांचं, तेही लाकडी. आगीच्या थोडं आधी मालकांनी जुनं डांबरी छप्पर काढून जाड पत्र्याचं घातलं होतं, आणि वाळवी लागू नये म्हणून भिंतीला लागून असलेली झाडंझुडपं काढून पागोळीपर्यंतच्या पट्ट्यात दगड पसरले होते. आगीचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. त्याच दिवशी, त्याच गावात, 1823 साली स्थापन झालेल्या वाइओला चर्चची वास्तूही जळाली. तिथं प्रार्थना कमी झाली होती म्हणून ती गेली असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही, आणि तुमच्या भावांचीही रेटणार नाही. ते लाल घर वाचलं हा चमत्कार म्हणायचा तर म्हणा, मीही म्हणेन. पण तो चमत्कार पत्र्याच्या आणि दगडांच्या हातून झाला.

मी स्वतः श्रद्धाळू आहे. पाया खणण्याआधी त्या जागेवर शांत बसल्याशिवाय मी आजवर एकही काम सुरू केलेलं नाही. म्हणून हा भाग टाळून पुढे जात नाही. तुमचा धर्म तुम्ही लिहिलेला नाही, पण मला माहीत असलेल्या कुठल्याही परंपरेत हातपाय गाळून बसणं म्हणजे भक्ती असं म्हटलेलं नाही. आपल्याकडे 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हे आळशाला टोचायलाच म्हणतात. पैगंबरांच्या नावे सांगितलं जाणारं वचन आहे, आधी उंट बांध, मग अल्लावर भरवसा ठेव. आणि मला सगळ्यांत भावतो तो बायबलच्या जुन्या करारातला एक साधा नियम. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात आहे: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर वरून कोणी पडलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल. बांधकामाचा नियम आहे हा, आणि तो धर्मग्रंथात आहे. तुमच्या घरी दर आठवड्याला वीस माणसं विश्वासानं येऊन बसणार आहेत. त्यांच्यासाठी कठडा करणं हे तुमचं काम आहे, आणि रानाच्या कडेला हा कठडा म्हणजे वणव्याची तजवीज. यात श्रद्धा उणावते असं मला कधीच वाटलं नाही.

आता घराकडे. जागेत घर नेमकं कुठं बसवायचं हा पहिला निर्णय, आणि तो चुकला तर पुढे पैशानं भरून निघत नाही. आग चढणीवर धावते. ऑस्ट्रेलियन अग्निशामकांचा ठोकताळा असा की चढण दर 10 अंशांनी वाढली की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. 20 अंशांच्या चढणीवर म्हणजे चौपट. म्हणून उताराच्या अगदी ओठावर, देखावा छान दिसतो तिथं, घर नको. कड्यापासून मागे सरका, शक्य तितक्या सपाटीवर या. दोन सोंडांमधल्या घळीच्या माथ्यावर तर मुळीच नको, घळ धुराड्यासारखी आग वर ओढते. देखावा हवा असेल तर घरापासून दूर, कडेला एक दगडी बाक बांधा. मी माझ्या दोन-तीन घरांत तसं केलं आहे, आणि लोक घरापेक्षा त्या बाकावरच जास्त बसतात.

छप्पर. इथं मी तुम्हाला नाराज करणार. गवताचं छप्पर नको. रसायन फवारून, ओलं ठेवून, कसंही करून नको. छप्पर म्हणजे आकाशाकडे उघडा असलेला सगळ्यांत मोठा पृष्ठभाग, ठिणग्यांचा पाऊस पडतो तो तिथंच. रानातल्या घराचा बाज गवताशिवाय येत नाही असं नाही. मातीची कौलं, पाटीचा दगड, मंद रंगाचा जाड पत्रा, यातलं काहीही साध्या घराला शोभतं. मात्र कौलं निवडलीत तर एक काळजी घ्या. अर्धगोल कौलांच्या खालच्या टोकाला, वळचणीला, पोकळ तोंडं राहतात. पक्षी तिथं काड्या-गवत आणून घरटी करतात. एका घराचं छप्पर वरून धडधाकट आणि आतून वासे कोळसा झालेले मी पाहिले आहेत. ठिणगी त्या पोकळीतून घरट्यात शिरली होती. ती तोंडं चुन्यानं किंवा सिमेंटनं बुजवा. कौलांखाली सरळ लाकडी फळ्या न ठेवता न जळणारा थर द्या. दोन छपरं मिळतात ती पन्हळ शक्य तितकी टाळा, पाचोळा तिथंच साठतो. सरळ, दोन पाखी छप्पर सगळ्यांत उत्तम, आणि ते तुमच्या मनातल्या साध्या घराला साजेसंही आहे. पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हाळी प्लास्टिकची नको, धातूची. ती वितळून खाली पडली तर भिंतीशीच पेटते.

वळचण उघडी ठेवू नका. वाशांची टोकं दिसणं सुंदर असतं, मलाही आवडतं, पण गरम हवा भिंतीवरून वर चढते आणि नेमकी त्या कोपऱ्यात कोंडते. तिथं न जळणाऱ्या फळीनं खालून सपाट बंद करा. वाशांची शोभा आत, प्रार्थनेच्या खोलीत दिसू दे.

झरोके आणि पोटमाळ्याची हवेची भोकं यांवर धातूची बारीक जाळी. ऑस्ट्रेलियात 2 मिलिमीटरहून मोठ्या भोकाची चालत नाही, कॅलिफोर्नियात 3 मिलिमीटरच्या आसपास मर्यादा आहे. प्लास्टिकची डासांची जाळी वितळते, तिचा काही उपयोग नाही. आणि खिडकीची काच. चौकट पेटण्याआधी काच तडकते, आणि एकदा काच गेली की निखारे पडद्यावर. कडक केलेली काच, दुहेरी, विशेषतः रानाकडच्या बाजूला. शिवाय बाहेरून बंद होणाऱ्या धातूच्या झडपा. यात काटकसर करू नका.

भिंतींबाबत तुमच्या पत्नीला दिलासा देता येईल. दगड, चुना, ठोकलेली माती या गोष्टी जळत नाहीत, आणि काँक्रीटइतक्याच निर्धास्तपणे वापरता येतात. जाड लाकूडही वाटतं तितकं धोक्याचं नाही. भरीव तुळई पेटली तर बाहेरून कोळसा धरत जाते, मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर, आणि तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला जपतो. अर्ध्या तासात 20 मिलिमीटर. 200 मिलिमीटर जाडीची तुळई एवढ्यानं कोसळत नाही. घात करतात त्या पातळ गोष्टी: शोभेच्या फळ्या, जाळीदार कठडे, सुकून फाटलेल्या ओंडक्यांच्या फटी. बाहेरून ओंडक्यांची भिंत हवीच असेल तर प्रत्येक फट चुन्यामातीनं भरून दरवर्षी तपासावी लागेल. माझा सल्ला, बाहेरून दगड आणि मातीचा गिलावा, आतून लाकूड. लाकडाचा ऊबदारपणा तसाही आत राहणाऱ्यालाच हवा असतो.

आता जिथं मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते ती जागा: भिंतीपासून पहिले दीड मीटर. एका वणव्यानंतर मी बांधलेलं घर पाहायला गेले होते. भिंती दगडी, छप्पर पत्र्याचं, जाळ्या नीट. घर वाचलं होतं, पण पुढचं दार खालून वीतभर करपून काळं झालं होतं. मी खाली वाकून पाहिलं तर उंबऱ्यापुढे काथ्याच्या पायपुसण्याचा आकार राखेत जसाच्या तसा उमटला होता, कडेची वीणसुद्धा दिसत होती. एक ठिणगी पायपुसण्यावर पडली, ते धुमसत राहिलं, त्यानं दार धरलं. दार शिसवीसारख्या घट्ट लाकडाचं, चांगलं दोन इंच जाड होतं म्हणून निभावलं. मी सगळा हिशेब केला होता आणि पायपुसण्याचा केला नव्हता. तेव्हापासून घर ताब्यात देताना मी मालकांबरोबर भिंतीच्या कडेकडेनं पूर्ण फेरी मारते आणि जळण्यासारखी प्रत्येक वस्तू बोटानं दाखवते.

म्हणून या दीड मीटरात फक्त दगड, खडी, फरशी किंवा उघडी माती. वेल नाही, झुडूप नाही, लाकडाचा भुसा नाही, गादीची खुर्ची नाही, केरसुणी नाही. लाकडी कुंपण भिंतीला येऊन भिडत असेल तर शेवटचा दीड मीटर दगडाचा करा, नाहीतर ते वातीसारखं काम करतं. जळणाची गंज घरापासून किमान 9 मीटर लांब, आणि चढणीच्या अंगाला. पडवी लाकडाची नको. मातीचा भराव घालून दगडी ओटा करा, म्हणजे खाली पाचोळा साठायला पोकळीच उरत नाही. दीड मीटरपासून 9 मीटरपर्यंत झाडं चालतील, पण एकमेकांना न भिडणारी, खालच्या फांद्या छाटलेली, आणि त्यांच्या बुंध्याशी झुडपं नसलेली. त्यापुढे 30 मीटरपर्यंत वाळलेलं उचलायचं आणि दाटी विरळ करायची. खालच्या अंगाला उतार तीव्र असेल तर हे अंतर आणखी वाढवावं लागेल. सगळं रान साफ करायची गरज नाही, करूही नका. उघड्या उतारावरची माती पावसात वाहून जाईल आणि ज्या रानासाठी तुम्ही तिथं जाताय तेच उरणार नाही.

प्रार्थनेची खोली मधोमध हवी असं तुम्ही म्हणता. ती घराच्या वरच्या, रानापासून दूरच्या बाजूला घ्या असं मी सुचवेन. वीस माणसं डोळे मिटून बसलेली असताना त्या खोलीला दोन दारं हवीत, विरुद्ध दिशांना, दोन्ही बाहेर उघडणारी, आणि निदान एक सरळ अंगणात. ज्योतीसाठी भिंतीतच खोल दगडी कोनाडा करा. वर लाकडी तुळई येणार नाही, बाजूला पडदा किंवा कागद येणार नाही, आणि तेल सांडलं तर कोनाड्यातच राहील असा किंचित खोलगट तळ. ज्योतीभोवती काच. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते: घरात कोणी जागं नसताना किंवा घर रिकामं असताना उघडी ज्योत नको. अहोरात्र तेवण्याचा तुमचा नेम आहे हे मी समजते. त्यातून वाट कशी काढायची, विजेचा दिवा चालेल का, हे तुमच्या परंपरेतल्या जाणत्या माणसाला विचारा. तो निर्णय माझा नाही. पण मी पाहिलेली दोन घरं वणव्यात गेली नव्हती, आतल्याच आगीत गेली होती.

पाणी आणि रस्ता. वणव्यात वीज आधी जाते, म्हणजे विजेचा पंप गेला. किमान 10,000 लिटरची टाकी राखून ठेवा, काँक्रीटची किंवा पोलादी, प्लास्टिकची वितळते. इंधनावर चालणारा छोटा पंप आणि जमिनीखालून नेलेला नळ. बंबाला येता यावं म्हणून वाट किमान चार मीटर रुंद, वर साडेचार मीटर मोकळी, आणि घरापाशी वळायला जागा. प्रार्थनेला आलेल्यांच्या गाड्या नेहमी तोंड बाहेर करून लावायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून घाला. अडचणीच्या वेळी वीस गाड्या मागे घेताना काय गोंधळ होतो ते कल्पना करूनच कळेल.

आणि निघणं. एवढं सगळं केलंत तरी हे घर माणसांनी आत थांबावं म्हणून नाही. 7 फेब्रुवारी 2009 ला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांत 173 माणसं मेली, त्यातली बरीच घरातच. चांगलं बांधलेलं घर तुम्ही नसताना स्वतःला सांभाळतं, हाच त्याचा उपयोग. कडक ऊन आणि सुसाट वारा असलेल्या दिवशी सामूहिक प्रार्थना दुसरीकडे घ्या किंवा पुढे ढकला. धर्मग्रंथ, पूजनीय वस्तू, कागदपत्रं, औषधं हे सगळं एका पिशवीत, दाराशी. निघताना खिडक्या बंद, पडदे काढलेले, गॅस बंद, बाहेरच्या खुर्च्या आत. हे सगळं आधी एकदा घड्याळ लावून करून पाहा.

पैसे मोजकेच असणार, म्हणून क्रमही सांगते. पहिलं छप्पर आणि जाळ्या, मग भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा, मग खिडक्या, मग पाणी. दगडी भिंतीची हौस त्यानंतर. पट्ट्याला तर जवळपास खर्चच नाही, फक्त दर महिन्याला झाडू.

आराखडा काढण्याआधी एक काम करा. भरपूर वारा असलेल्या कोरड्या दिवशी जागेवर जा, पोतंभर वाळका पाचोळा आणि लाकडाचा भुसा घेऊन. घर जिथं येणार तिथं चार खांब आणि दोन-चार पत्रे आडवेउभे रोवा, वाऱ्याच्या बाजूनं भुसा उधळा आणि तो कुठं जाऊन साठतो ते पाहा. निखारेही तिथंच साठतील. त्या कोपऱ्यांच्या खुणा कागदावर करा आणि उताराच्या अंशांसकट मला पाठवा. शक्य झालं तर थोरल्या भावांनाही सोबत न्या. पुढचं आपण त्या कागदावरून बोलू.